किमान वेतन व दिव्यांग कामगार

पवनेच्या एका तीरास थेरगाव आणि पैलतीरास चिंचवड. या पट्ट्यातील पुष्कळ मुलांचे आईबाप कारखान्यांत राबतात. त्यामुळे सातवीच्या वर्गात मजुरीचा हिशेब शिकविण्यास दूरचे उदाहरण शोधावे लागत नाही. त्यातही दिव्यांग कामगाराच्या मजुरीचा प्रश्न शिक्षकांनी अवश्य घ्यावा.

१९४८ च्या किमान वेतन अधिनियमातील २६ व्या कलमान्वये, दिव्यांग कामगारांच्या वेतनास त्या कायद्याच्या तरतुदी लागू होणार नाहीत, असा आदेश काढण्याची मुभा शासनास होती. अमेरिकेच्या १९३८ च्या कायद्यातही परवाना घेऊन कमी मजुरी देण्याची वाट ठेवलेली आहे. काम कमी होते, म्हणून दामही कमी, हा त्यामागील तर्क. वरवर पाहता तो पटतो. परंतु किमान वेतन म्हणजे चपळाईचे बक्षीस नव्हे. १९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने त्याचे माप सांगताना कुटुंबाचे अन्न, वर्षाचे ७२ वार कापड, घरभाडे व इंधन यांचा हिशेब धरला होता. हात अधू असलेल्याच्या घरी भाकरी निम्म्या लागत नाहीत.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता, २०१९ अमलात आली आहे. अधिसूचित किमान दराहून कमी वेतन कोणाही मालकाने कोणाही कर्मचाऱ्यास देऊ नये, असे तिचे ५ वे कलम सांगते. नगावर मजुरी घेणाऱ्यांसाठी १२ वे कलम महत्त्वाचे आहे : किमान दर वेळेवर ठरलेला असेल, तर नगाचा हिशेब करूनही त्याखाली जाता येत नाही.

फळ्यावर पुढील उदाहरण मांडावे. आकडे केवळ गणितासाठी घेतले आहेत. दिवसाचा किमान दर ५०० रुपये. नगास २ रुपये. पायाने अधू असलेल्या कामगाराने दिवसभरात २१० नग केले. नगाप्रमाणे ४२० रुपये होतात. तरी त्यास ५०० रुपयेच मिळाले पाहिजेत. दररोज ८० रुपये कमी दिले, तर २६ दिवसांत २,०८० रुपये बुडतात. ही रक्कम मुलांनी स्वतः काढावी. शिक्षकांनी आधी सांगू नये.

त्यानंतर वेतनचिठ्ठी वाचावयास शिकवावी. ती देणे मालकावर बंधनकारक आहे. थकबाकीचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो, आणि रक्कम दिली हे सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो. कोऱ्या पावतीवर अंगठा उठविला की हीच बाजू लंगडी पडते, हे पालकसभेतही सांगावे.