हॅलोजनच्या जागी एलईडी : झोताचा प्रश्न

प्रश्न : जुन्या मोटारीच्या हेडलाइटमधील हॅलोजन बल्ब काढून तेथे एलईडी बल्ब बसवणे योग्य ठरते का?

उत्तर : एच-४ प्रकारच्या हॅलोजन बल्बमध्ये लांबच्या झोतासाठी ६० वॅटची आणि जवळच्या झोतासाठी ५५ वॅटची अशा दोन फिलामेंट असतात, जवळच्या फिलामेंटखालील धातूची वाटी नको त्या दिशेचा प्रकाश अडवते, आणि परावर्तक, म्हणजे झोताला आकार देणारा चकचकीत अंतर्गोल भाग, या फिलामेंटच्या नेमक्या जागेनुसारच घडवलेला असतो. एलईडी बल्बमध्ये प्रकाश चपट्या पट्टीच्या दोन बाजूंनी निघत असल्यामुळे, त्याचे उगमस्थान थोडेसे जरी हलले तरी झोताची वरची कडा विस्कटते आणि समोरच्या दुचाकीस्वाराचे डोळे दिपतात. चालकाला मात्र जवळचा रस्ता अधिक उजळ भासतो, आणि हीच या बदलातील सर्वांत फसवी बाब होय. शिवाय बल्बच्या मागील पंखा रबरी टोपणात कोंडला गेल्यास उष्णता साठून तेज घटते. जर्मनीत २०२० पासून काही एलईडी बल्बांना मान्यता मिळाली, पण तीही चाचणी झालेल्या ठरावीक मोटारींपुरतीच. त्यापेक्षा पिवळटलेली काच पॉलिश करणे, झोताची उंची जुळवणे आणि दिव्याला बॅटरीतून पूर्ण दाबाने वीज पोहोचवणारा रिले जाड तारांसह बसवणे अधिक श्रेयस्कर ठरते.