गंजलेला स्क्रू कसा काढावा?

आपल्या भंडारा जिल्ह्यांत जून ते सप्टेंबर पाऊस भरपूर पडतो. वैनगंगेच्या कांठच्या धानाच्या बांध्यांतून, चिखलांतून जाणाऱ्या मोटारसायकलीचे स्क्रू त्यामुळें गंजून घट्ट बसतात. असा स्क्रू बळजबरीनें काढूं गेल्यास त्याचें डोकें झिजतें, व क्षुल्लक स्क्रूपायीं इंजिनाचें मोलाचें झांकण निकामी होतें. ज्या घरचें दूध, बाजार आणि दवाखाना एकाच गाडीवर अवलंबून, त्या घरीं हें नुकसान लहान नव्हे.

प्रथम कारण पाहूं. लोखंड, पाणी व प्राणवायु यांच्या संयोगानें गंज होतो. तो मूळ लोखंडापेक्षां अधिक जागा व्यापतो. म्हणून आट्यांमधील फटी भरून जातात. शिवाय झांकण बहुधा ॲल्युमिनियमचें व स्क्रू पोलादी असतो. या दोन धातूंमध्यें ओल शिरली म्हणजे विजेच्या घटासारखी क्रिया होऊन ॲल्युमिनियम झिजतें, आणि त्याची पांढरी भुकटी स्क्रूला जखडून टाकते.

आतां पेचकसाविषयीं. फुलीच्या खांचेचा जो स्क्रू अमेरिकेंत हेन्री फिलिप्स यांनीं १९३६ च्या सुमारास प्रचारांत आणला, त्याहून जपानी खांच किंचित् निराळी असते. भारतांत १९८५ सालीं निघालेल्या यामाहा आर एक्स १०० सारख्या जपानी आराखड्याच्या गाडीवर साधा फिलिप्स पेचकस पुरता बसत नाहीं. तो निसटतो व खांच खातो. अशा स्क्रूच्या डोक्यावर पुष्कळदां बारीक ठिपका असतो. त्यास जपानी मापाचाच पेचकस घ्यावा.

उपाय पुढील क्रमानें करावे :

१. खांचेंतील चिखल सुईनें कोरून काढावा.

२. गंज सैल करणारें पातळ तेल सोडून रात्रभर थांबावें.

३. पेचकस खांचेंत नीट बसवून त्यावर हातोडीचे ठोके द्यावे. हादऱ्यानें गंज तडकतो. मग स्क्रू आधीं किंचित् आवळून नंतर डावीकडे फिरवावा.

४. न हलल्यास इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरावा. हातोडीच्या एकाच घावानें तो स्क्रूस दाबतोही व फिरवितोही.

५. तरीही न सुटल्यास स्क्रूभोंवतालचें झांकण गरम हवेच्या यंत्रानें तापवावें. सारख्याच उष्णतेनें ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतें, व पकड ढिली होते. पेट्रोलची टाकी मात्र आधीं काढून दूर ठेवावी.

६. खांच गेलीच असेल तर डोक्याच्या कडेला छिन्नी लावून डावीकडे ठोकावें. शेवटीं डोळ्यांवर चष्मा लावून ड्रिलनें डोकेंच उडवावें. डोकें गेलें कीं ताण सुटतो, झांकण निघतें, आणि उरलेला दांडा पकडीनें बहुधा सहज फिरतो.

सौम्य उपायाकडून कठोर उपायाकडे केव्हांही जातां येतें. परंतु एकदां डोकें झिजल्यावर मागें फिरतां येत नाहीं. म्हणून या क्रमाचें महत्त्व. नवा स्क्रू बसवितांना आटे पुसून थोडें ग्रीस लावावें व बेतानेंच आवळावें; म्हणजे पुढील पावसाळ्यानंतर तोच स्क्रू पेचकसाच्या पहिल्या वळणास सुटेल.