आजचा श्लोक (६.३२) : दाराबाहेरून बघितलं तर



काल एकतिसाव्या श्लोकावर थांबलो होतो. आज सहाव्या अध्यायातला ३२वा. भगवंत अर्जुनाला सांगतात, की जो स्वतःवरून दुसऱ्याला जोखतो आणि सगळीकडे सुख-दुःख सारखंच बघतो, तो योग्यांमध्ये श्रेष्ठ. मूळ शब्द आहे ‘आत्मौपम्य’. आज एवढा एक शब्द लक्षात ठेवा, बाकी विसरलात तरी चालेल.

रविवारच्या ऑनलाइन पारायणानंतर एका ताईने विचारलं होतं, “दादा, चूक-बरोबर असं खरंच काही असतं का? प्रत्येक समाजाचं वेगळं, प्रत्येक काळाचं वेगळं. मग आजच्या चष्म्यातून जुन्या लोकांना नावं कशाला ठेवायची?” तेव्हा उशीर झाला होता, म्हणून म्हटलं बत्तीसाव्या श्लोकाला बोलू.

प्रश्नात तथ्य आहेच. आपल्याकडे कितीतरी समाजांत मामाच्या मुलीशी लग्न चालतं, किंबहुना तिच्यावर पहिला हक्क भाच्याचा असं गमतीने म्हणतात. हेच उत्तरेकडच्या मित्राला सांगून बघा, तो कानांवर हात ठेवेल. सारस्वतांच्या पानात मासा असतो, देशावरच्या ब्राह्मणाला ते पटत नाही. अशा गोष्टींवरून एकमेकांना पापी ठरवू नये, हे शहाणपण मला मान्य आहे.

आणि आपले ग्रंथही सरसकट एकच नियम सगळीकडे ठोकत नाहीत. महाभारताच्या कर्णपर्वात कृष्ण अर्जुनाला कौशिकाची गोष्ट सांगतो. कौशिकाचं व्रत होतं नेहमी खरं बोलायचं. जीव वाचवायला पळालेली माणसं कुठे लपलीत, हे त्याने दरोडेखोरांना खरं खरं सांगून टाकलं. ती माणसं मारली गेली आणि सत्यवादी कौशिक नरकात गेला. लोकमान्यांच्या गीतारहस्यात ‘कर्मजिज्ञासा’ नावाचं आख्खं प्रकरण अशाच पेचांवर आहे. ते वाचून काही जण म्हणतात, बघा, टिळकसुद्धा म्हणतात सगळं सापेक्ष आहे. मला तसं वाटत नाही. कौशिकाच्या गोष्टीत नियम वाकला, पण तो का वाकला हे कुठल्याही देशातल्या माणसाला समजतं. आम्ही सर्व्हरवर वेळ यूटीसीमध्ये साठवतो आणि मोबाइलवर ती मुंबईची किंवा न्यूयॉर्कची दाखवतो. आकडे वेगळे दिसतात, क्षण एकच असतो. हे उदाहरण फार ताणू नका, पण कल्पना यायला पुरे.

आता ताईच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे येऊ. “त्या काळी ते बरोबर मानलं जायचं.”

कोण मानायचं?

पंढरपूरला गेलात की नामदेव पायरीजवळ, महाद्वारासमोर, चोखोबांची समाधी आहे. चोखोबा मंगळवेढ्याचे. १३३८ साली तिथे गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि ते दगावले. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी पंढरीला आणल्या अशी परंपरा आहे. आयुष्यभर ज्या विठ्ठलाला आळवलं, त्याच्या देवळात त्यांना पाऊल टाकता आलं नाही. समाधीसुद्धा बाहेर.

तेव्हा “त्या काळी हे बरोबर होतं” म्हणताना आपण मोजतो फक्त दाराच्या आतल्या लोकांना. बाहेर चोखोबा उभे होते, तेही त्याच काळातले. सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा, सगळे त्याच काळातले. सोयराबाईंच्या अभंगात विटाळावर सरळ सवाल आहे: देह जन्मतोच विटाळातून, मग सोवळा कोण? आजचा चष्मा त्यांच्याकडे कुठून येणार? समाजाचं मत काय होतं असं विचारलं, तर तो समाज एकमताचा कधी नव्हताच. ज्यांचं मत लिहून ठेवलं गेलं आणि अंमलात आलं, त्यांना आपण ‘काळ’ म्हणतो.

इथे एक अडचण आहे आणि ती टाळून पुढे जाणं बरं नाही. चोखोबांचे सगळे अभंग बंडखोर नाहीत. काही ठिकाणी ते आपला जन्म पूर्वकर्माचं फळ म्हणून स्वीकारतात. कर्ममेळा मात्र देवालाच जाब विचारतो, अशा जन्मात घालून तू काय साधलंस म्हणून. एकाच घरात बापाचं एक मत, मुलाचं दुसरं. मग कोणाचं धरायचं? सापेक्षतावाद इथे हात वर करतो.

मला वाटतं, आजचा श्लोक नेमका इथे कामाला येतो. त्यात दुसऱ्याचं मत बघ असं म्हटलेलं नाही. सुख आणि दुःख बघ असं म्हटलंय. मत शिकवता येतं. पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं की हे तुझ्याच कर्माचं फळ, तर सोसणारासुद्धा ते खरं मानतो. पण दुखायचं थांबत नाही. स्वीकार करणाऱ्या चोखोबांच्या अभंगातही दुःख तेवढंच ओलं आहे. बापाची आणि मुलाची मतं वेगळी, वेदना एकच. चौदाव्या शतकातली ती वेदना तुम्हाला-मला आज कोणी न समजावता कळते, यावरून मी म्हणतो की काहीतरी सार्वत्रिक आहे.

ते दार उघडायला १९४७ साल उजाडलं. साने गुरुजींनी आधी महाराष्ट्रभर दौरा केला आणि मे महिन्यात पंढरपुरात उपोषणाला बसले. सुरुवातीला गांधीजींनाही हे उपोषण पसंत नव्हतं. दहा दिवसांत दार उघडायचं ठरलं. तरी काही मंडळींनी मूर्तीतलं तेज आधीच काढून घागरीत ठेवलं होतं, असं सांगतात. त्यांनाही वाटत असणार की आपण धर्मच वाचवतोय. मनापासून वाटणं आणि बरोबर असणं या दोन गोष्टी आहेत, हे त्या घागरीइतकं स्पष्ट दुसरं काही सांगत नाही.

आता जरा घराजवळ. आमच्या कांजूरमार्गला एलबीएस रोडच्या कडेने टॉवर उभे राहिलेत. कामाला मावश्या येतात त्या भांडुपच्या डोंगरावरून, विक्रोळीच्या चाळींतून. आमच्या बिल्डिंगमध्ये मावश्यांनी आणि डिलिव्हरीच्या मुलांनी सर्व्हिस लिफ्टच वापरायची असा नियम आहे. ग्रुपवर विषय निघाला तेव्हा एकाने लिहिलं, “प्रत्येक सोसायटीचे नियम वेगळे असतात, यात चूक-बरोबर काय?” एका काकूंनी लिहिलं, “आमच्या मावशींना विचारलं, त्या म्हणतात आम्हाला सवय आहे.”

सामानासाठी वेगळी लिफ्ट ठेवायला माझी ना नाही. फ्रिज चढवायचा असेल तर मालक असो की हमाल, दोघांनी तीच वापरावी. हा मामाच्या मुलीसारखा नियम, आपापल्या सोयीचा. पण सर्व्हिस लिफ्ट बंद असताना, मोकळ्या हातांनी चौदाव्या मजल्यावर निघालेल्या पन्नाशीच्या बाईला वॉचमन जिना दाखवतो, तेव्हा तो नियम सामान बघत नाही, माणूस बघतो. आणि “सवय आहे” हे उत्तर ऐकून मला चोखोबांचे ते स्वीकाराचे अभंग आठवतात. मावशींचं मत विचारून काकू थांबल्या. त्या जागी मी असतो तर, हे विचारायचं राहिलं.

नियम बदलण्याचा ठराव लिहून दिलाय. पुढच्या महिन्यात मीटिंग आहे. आकडा सध्या तरी आमच्या बाजूचा नाही.

उद्या ३३वा श्लोक. अर्जुन लगेच म्हणतो, देवा, हे समत्व तू सांगतोस खरं, पण मन इतकं चंचल आहे की ते टिकेलसं मला दिसत नाही. वाचून या.

राम कृष्ण हरी.