जखमी कामगार, जुनाट वेदना आणि अ‍ॅक्युपंक्चर उपचारकाचे निरंतर शिक्षण

अंगावर ओझे पडून, उंचावरून घसरून किंवा वर्षानुवर्षे एकच हालचाल करून ज्याचे शरीर दुखावते, त्या कामगाराची जखम बहुधा काही आठवड्यांत भरून येते. दुखणे मात्र पुष्कळदा मागे उरते. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा पुनःपुन्हा उद्भवणाऱ्या अशा दुखण्यास जुनाट वेदना म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०२२ पासून अमलात आली. तीत या वेदनेला स्वतंत्र स्थान देण्यात आले आहे. क्ष-किरण चित्रात काही दिसत नाही, म्हणून कामगार ढोंग करतो असे समजण्याची आपल्याकडील जुनी रीत शास्त्राला मान्य नाही. वेदना दीर्घकाळ राहिली म्हणजे मज्जासंस्थाच अधिक संवेदनशील बनते आणि मूळ इजा बरी झाल्यावरही दुखण्याचे संदेश पाठवीत राहते.

अशा रुग्णांपैकी अनेक जण अ‍ॅक्युपंक्चर उपचारकाकडे वळतात. हा उपचारक एकदा पदविका घेऊन बसला की पुढे काय शिकतो, हा या लेखाचा विषय आहे. त्यासाठी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याचा अनुभव पाहणे उपयुक्त ठरेल. कारण तेथे अ‍ॅक्युपंक्चर, कामगार नुकसानभरपाई आणि सक्तीचे निरंतर शिक्षण या तिन्ही गोष्टी कायद्याने एकत्र आल्या आहेत.

कॅलिफोर्नियातील व्यवस्था

कॅलिफोर्नियात १९७६ पासून अ‍ॅक्युपंक्चर उपचारकांना परवाने मिळू लागले. आरंभी डॉक्टरने निदान करून पाठविल्याशिवाय रुग्णास हात लावण्याची मुभा नव्हती. १९७८ च्या कायद्याने ही अट गेली आणि रुग्ण थेट उपचारकाकडे येऊ लागला. पुढे त्या राज्याच्या कामगार संहितेत वैद्यकीय उपचारांच्या व्याख्येत अ‍ॅक्युपंक्चरचा नावानिशी समावेश झाला आणि नुकसानभरपाई योजनेपुरते उपचारकास वैद्याचे स्थान मिळाले. मात्र कामगाराला अपंगत्व किती आले हे ठरविण्याचा अधिकार त्याला देण्यात आलेला नाही.

अधिकारासोबत जबाबदारीही आली. मूळ शिक्षणक्रम सुमारे ३,००० तासांचा असून त्यांपैकी ९५० तास प्रत्यक्ष रुग्णसेवेचे असतात. परवाना मिळाल्यावर दर दोन वर्षांनी त्याचे नूतनीकरण करताना ५० तासांचे निरंतर शिक्षण पूर्ण केल्याचे दाखवावे लागते. हे तास प्रामुख्याने रुग्णसेवेशी निगडित विषयांचे असावे लागतात. दवाखान्याचा व्यवसाय कसा वाढवावा अशा विषयांना त्यांत फारच थोडी जागा आहे. ही मर्यादा अत्यंत योग्य आहे असे प्रस्तुत लेखकास वाटते. कोणत्याही व्यवसायात, मोकळीक दिली तर, सोपे आणि फायद्याचे अभ्यासक्रमच आधी भरतात.

‘बरे वाटते’ आणि ‘करता येते’

जखमी कामगाराच्या बाबतीत उपचारकाला नव्याने शिकावी लागणारी सर्वांत महत्त्वाची गोष्ट सुईशी संबंधित नाही. ती नोंदीशी संबंधित आहे. एका कल्पित उदाहरणाने हे स्पष्ट होईल.

समजा, लॉस एंजल्सजवळच्या एका गोदामात खोकी उचलणाऱ्या कामगाराची कंबर दुखावली. चार महिन्यांनीही तो कामावर परत जाऊ शकला नाही, तेव्हा त्याला सहा वेळा अ‍ॅक्युपंक्चर देण्याची मंजुरी मिळाली. सहा बैठकी संपल्या. उपचारकाने कागदावर लिहिले : ‘रुग्णास बरे वाटते, वेदना कमी आहे, आणखी सहा बैठकींची शिफारस.’ हा अर्ज विम्याच्या बाजूने तपासणी करणाऱ्या वैद्याकडे जातो. तो रुग्णाला पाहत नाही, केवळ कागद पाहतो. त्याच्यासमोर प्रश्न एकच असतो : या उपचाराने कार्यक्षमता वाढली काय? कागदावर त्याचे उत्तर नाही, म्हणून अर्ज फेटाळला जातो. कामगाराची कंबर खरोखर सुधारत होती, आणि उपचार तेथेच थांबले.

२००७ साली त्या राज्याने कामगारांच्या उपचारांसाठी मार्गदर्शक तत्त्वे लागू केली. त्यांतील अ‍ॅक्युपंक्चरविषयक भागात म्हटले होते की, कार्यक्षमतेत सुधारणा दिसण्यास तीन ते सहा बैठकी लागाव्यात, आठवड्यातून एक ते तीन बैठकी असाव्यात आणि सुधारणा नोंदलेली असेल तर उपचार पुढे वाढविता येतील. कार्यात्मक सुधारणेची व्याख्याही देण्यात आली होती. दैनंदिन व्यवहारांत लक्षणीय फरक पडणे किंवा कामावरील निर्बंध कमी होणे हा तिचा एक भाग. पुढील उपचारांवरचे अवलंबन घटणे हा दुसरा. पुढे या तत्त्वांत वेळोवेळी बदल झाले, परंतु कार्यक्षमतेचा निकष मात्र राहिला. अर्ज नाकारला गेल्यास स्वतंत्र वैद्यकीय फेरतपासणी मागण्याची सोय २०१२ च्या सुधारणा कायद्याने झाली. तिचाही निर्णय कागदपत्रांवरूनच होतो.

आता तीच नोंद दुसऱ्या प्रकारे लिहिलेली पाहा. ‘पहिल्या दिवशी रुग्ण दहा मिनिटांहून अधिक काळ उभा राहू शकत नव्हता, पायांत मोजे घालण्यास पत्नीची मदत घ्यावी लागे, रात्री तीनदा जाग येई, दररोज चार वेदनाशामक गोळ्या घेई. सहाव्या बैठकीनंतर चाळीस मिनिटे उभा राहतो, मोजे स्वतः घालतो, गोळ्या दोनवर आल्या, पाच किलो वजन जमिनीवरून उचलतो.’ सुया त्याच, बिंदू तेच आणि रुग्णही तोच. फरक एवढाच की, पहिल्याच दिवशी उपचारकाने विचारून ठेवले होते.

यासाठी तयार प्रश्नावल्या उपलब्ध आहेत. कंबरदुखीसाठी १९८० साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्वेस्ट्री प्रश्नावलीत दहा विभाग आहेत. १९८३ च्या रोलंड-मॉरिस प्रश्नावलीत चोवीस साधी विधाने आहेत आणि रुग्णाने आपल्याला लागू पडणाऱ्या विधानांवर खूण करावयाची असते. पाच मिनिटांचे काम. परंतु ही पाच मिनिटे देण्याची सवय पाठ्यपुस्तकातून येत नाही. आपल्याच रुग्णांचे जुने कागद समोर ठेवून, काय सुटले हे सहकाऱ्यांसमवेत पाहिल्यानेच ती येते. निरंतर शिक्षणाचा वर्ग याच कामासाठी उत्तम.

पुराव्याविषयी प्रामाणिकपणा

उपचारकाने आपल्या शास्त्राचा पुरावा जसा आहे तसाच जाणावा. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतील एका मोठ्या अभ्यासात जुनाट कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांचे तीन गट केले होते. सहा महिन्यांनंतर पारंपरिक बिंदूंवर सुया टोचलेल्यांपैकी ४७.६ टक्के, भलत्याच ठिकाणी उथळ सुया टोचलेल्यांपैकी ४४.२ टक्के, आणि औषधे व व्यायाम असे नेहमीचे उपचार घेतलेल्यांपैकी २७.४ टक्के रुग्णांना सुधारणा झाली. नेहमीच्या उपचारांपेक्षा सुईचा गुण मोठा दिसला. पण नेमक्या बिंदूंचा वाटा त्यात किती, हा प्रश्न शिल्लक राहिला. पुढे २०१८ साली २०,००० हून अधिक रुग्णांच्या एकत्रित विश्लेषणात खऱ्या आणि नकली सुयांमधील फरक लहान परंतु निश्चित असल्याचे आढळले.

शासकीय यंत्रणांचे निर्णयही एकसारखे नाहीत. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्यविषयक मार्गदर्शक संस्थेने २०१६ साली कंबरदुखीसाठी अ‍ॅक्युपंक्चर देऊ नये असे सांगितले आणि २०२१ साली प्राथमिक जुनाट वेदनेसाठी त्याचा विचार करता येईल असे सांगितले. अमेरिकेत ज्येष्ठ नागरिकांच्या केंद्रीय विमा योजनेने जानेवारी २०२० पासून जुनाट कंबरदुखीसाठी नव्वद दिवसांत बारा बैठकींना मान्यता दिली. सुधारणा दिसल्यास आणखी आठ, म्हणजे वर्षाला अधिकाधिक वीस. ज्याला ही माहिती आहे असा उपचारक रुग्णाला अवास्तव आश्वासन देत नाही.

सुई कोठे थांबवावी

डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय रुग्ण थेट येतो, तेव्हा धोक्याची चिन्हे ओळखण्याचे ओझेही उपचारकावरच येते. कंबरदुखीसोबत लघवी अडणे, मांड्यांच्या आतील भागास बधिरता येणे, पायातील शक्ती झपाट्याने कमी होणे, ताप, कारणाशिवाय वजन घटणे, पूर्वी कर्करोग झालेला असणे. यांपैकी काहीही आढळल्यास सुई बाजूला ठेवून रुग्णास तातडीने रुग्णालयात पाठविले पाहिजे. छाती व खांद्याच्या भागात सुई खोल गेल्यास फुप्फुसाला छिद्र पडू शकते. ही घटना दुर्मिळ असली तरी जीवघेणी ठरू शकते. रक्त पातळ करणारी औषधे घेणारा रुग्ण, किंवा हृदयात पेसमेकर बसविलेला आणि वीज जोडलेल्या सुया मागणारा रुग्ण, यांच्याबाबतचे नियम पुन्हापुन्हा उजळावे लागतात. एकदा वापरून टाकून द्यावयाची निर्जंतुक सुई हा तर वादाचा विषयच नाही.

महाराष्ट्राचा संबंध

या विषयाशी महाराष्ट्राचा एक जुना धागा आहे. १९३८ साली भारतातून चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. १९४२ साली तिकडेच त्यांचे निधन झाले. त्याच पथकातील डॉ. बिजयकुमार बसू स्वातंत्र्यानंतर पुन्हा चीनला गेले, अ‍ॅक्युपंक्चर शिकून आले आणि ही विद्या त्यांनी भारतात आणली.

केंद्र शासनाने २००३ साली अ‍ॅक्युपंक्चरला उपचाराचा एक प्रकार म्हणून आणि २०१९ साली स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्राने त्याआधीच, २०१५ च्या अधिनियमाने, उपचारकांचे शिक्षण व नोंदणी यांसाठी परिषद स्थापण्याची तरतूद केली. आधुनिक वैद्यकाच्या डॉक्टरांना राज्यात दर पाच वर्षांनी ३० श्रेयांक मिळविल्यावरच नोंदणीचे नूतनीकरण करता येते. म्हणजे निरंतर शिक्षणाची कल्पना आपल्याला परकी नाही.

आपल्याकडे जखमी कामगार म्हणजे केवळ कारखान्यातील नव्हे. हमालांसाठी १९६९ चा माथाडी कायदा आहे. १९२३ पासून चालत आलेली कामगार भरपाईची तरतूद आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट करण्यात आली आहे. परंतु ऊसतोडणीवर जाणाऱ्या जोडप्यातील बाईची पाठ दुखते, तेव्हा तिच्याजवळ बहुधा एकही कागद नसतो. तिला ऑस्वेस्ट्री प्रश्नावली जशीच्या तशी देऊन उपयोग नाही. तिला विचारावयाचे ते असे : मोळी डोक्यावर घेऊन किती पावले चालता येते? खाली बसून कोयता किती वेळ चालवता येतो? हंडा कोण भरते? चुलीपुढून उठताना हात टेकावा लागतो काय? पहिल्या भेटीत तारखेसह लिहून ठेवलेली ही चार उत्तरे, आणि सहा बैठकींनंतर पुन्हा विचारलेली तीच चार उत्तरे, तिच्या हाती देण्याजोगी असतात. परिषद, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि साखर कारखाना यांच्या एखाद्या एकत्रित वर्गात असा मराठी प्रश्नसंच तयार करण्यास एक दिवस पुरेल. गाळप हंगाम संपल्यावर, मजूर गावी परतलेले असताना, तो त्यांच्यासमोरच वाचून पाहता येईल.