गटात आलेख शिकता येतो का?

प्रश्न : माझी मुलगी सातवीत आहे. वर्गात चौघींच्या गटाला मिळून आलेख काढायला देतात. सुबक हाताची मैत्रीण तो काढते, बाकीच्या बघत बसतात. त्यापेक्षा घरी एकटीने सराव केलेला बरा नाही का?
– एक पालक, नेरूळ

उत्तर : ताई, तुमची तक्रार रास्त आहे, पण दोष गटाचा नाही, कामाच्या वाटणीचा आहे. स्तंभ आखणं हा सोपा भाग. प्रमाण काय घ्यायचं, अक्ष कुठून सुरू करायचा, यावर खरं शिक्षण होतं आणि त्यासाठी वाद घालायला कुणीतरी लागतं.

आपल्या नवी मुंबईला पाणी देणाऱ्या मोरबे धरणाचंच बघा. ते ८८ मीटर पातळीला पूर्ण भरतं. समजा, आज पातळी ८२ मीटर आहे. उभा अक्ष शून्यापासून घेतला तर दोन्ही स्तंभ जवळजवळ सारखे दिसतात; ८०पासून घेतला तर एक दुसऱ्याच्या चौपट! आकडे तेच, पण एकीला धरण भरत आलेलं वाटेल, दुसरीला पाणीकपात दिसेल. ही चर्चा एकटीने वही भरताना होत नाही.

गणिताच्या बाईंना एक सुचवा : आधी चौघींनी आपापल्या आलेख कागदावर कच्चा आलेख काढावा, मग तुलना करून एक पक्का करावा. तो वर्गाला समजावून सांगणारी मात्र काढणारी नसावी.

घरचा सराव जरूर करून घ्या, फक्त पट्टी तुम्ही हातात घेऊ नका. तयार आलेख समोर ठेवून तिला विचारा, ‘यावरून काय कळत नाही?’