५.३ वर्गीकरण : बाह्यसाम्य आणि नाते

भाषांचे वर्गीकरण करताना दिसण्यावर किती विसंबावे, हे समजण्यासाठी या उपघटकात एका सागरी जीवाचे उदाहरण घेऊ.

बाणकृमी हे समुद्रात तरंगणाऱ्या प्लवकांपैकी पारदर्शक जीव होत. त्यांची लांबी सुमारे २ ते १२० मिलिमीटर असते. शरीराचे डोके, धड व शेपूट असे तीन भाग पडतात. कडांना आडवे पर असतात. डोक्यावरील वाकड्या आकड्यांनी ते लहान कवचधारी जीव पकडतात. प्रत्येक बाणकृमी उभयलिंगी असतो.

रूडॉल्फ लॉयकार्ट यांनी १८५४ मध्ये या गटाला ‘कीटोग्नॅथा’ हे नाव दिले. त्यातील ‘कीट’ पाहून फसू नका. येथे संस्कृत ‘कीट’ नाही. ‘केस’ आणि ‘जबडा’ या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून हे नाव बनले आहे. ध्वनिसाम्य म्हणजे नाते नव्हे.

प्राण्याचीही तीच गोष्ट. डार्विनने १८४४ मध्येच त्याच्या नात्यांतील संदिग्धता नोंदवली होती. भ्रूणात तोंड नंतर तयार होते, म्हणून त्याला दीर्घकाळ तारामाशांच्या व पृष्ठवंशीयांच्या शाखेजवळ ठेवले गेले. पुढे जनुकीय पुराव्याने त्याला त्या शाखेतून बाहेर काढले. २०१९ च्या संशोधनाने रोटिफरांसारख्या सूक्ष्म जीवांशी त्याचे नाते दाखवले. आज बाणकृमींचा स्वतंत्र संघ मानतात.

आता अहेरीच्या बाजारात या. तेथे मराठी, तेलुगू, गोंडी व माडिया कानी पडतात. गोंडीत मराठी शब्द पुष्कळ आहेत. ती देवनागरीतही लिहिली जाते. एवढ्यावरून तिला ‘मराठीची बोली’ म्हणणाऱ्यांनी संख्यावाचक शब्द ऐकावेत. दोन, तीन, चार यांसाठी गोंडीत रंड, मुंड, नालुंग. तेलुगूत रेंडु, मूडु, नालुगु. उसना शब्द सहवास सांगतो. मूलभूत शब्दसंग्रह आणि व्याकरण कूळ सांगतात. गोंडी द्राविड कुलातील आहे.

तुमच्यापैकी काहींच्या घरी हीच भाषा बोलली जाते. तिला बोली म्हणून दुय्यम ठरवले जाते, तेव्हा वर्गीकरणाची चूक माणसाच्या स्वाभिमानापर्यंत पोहोचते. म्हणून पुरावा तपासूनच नाव द्यावे.

स्वाध्याय : आपल्या परिसरातील दोन भाषांमधील दहा मूलभूत शब्द नोंदवा. त्यांतील साम्य उसने आहे की वारशाने आलेले, ते सकारण लिहा.