ज्यांचं नाव कुठल्याच यादीत नसतं

सांगली जिल्ह्याच्या ऊसपट्ट्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी आयसीटीसीची, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन व तपासणी केंद्राची, समुपदेशक आहे. गरोदर बाईची एचआयव्ही तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. तरीही कुणाची तिसऱ्या महिन्यात होते, कुणाची थेट कळा सुरू झाल्यावर, आणि कुणाची होतच नाही. हे बघताना जे मनात पक्कं झालं, ते लिहिते आहे.

१. कुणाची तपासणी राहणार, हे आधीच सांगता येतं.

गावात घर असलेल्या बाईचं नाव पाळी चुकल्यावर लगेच आशाताईच्या वहीत चढतं. उपकेंद्रात नोंदणी होते, माता-बाल संरक्षण कार्ड मिळतं आणि हिमोग्लोबिन, लघवी, रक्तगट, व्हीडीआरएल यांच्याबरोबर एचआयव्हीची तपासणीही होऊन जाते. तिला मुद्दाम काही करावं लागत नाही.

दसरा-दिवाळीनंतर आमच्याकडे बीड, जालना, नगरहून ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. आष्टी, पाटोदा, धारूरकडच्या या बाया. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली, ती फिटेपर्यंत सुटका नाही. दिवस गेलेली बाईसुद्धा पहाटे फडात असते, मोळ्या बांधते, डोक्यावरून ट्रॅक्टरपर्यंत नेते. तिच्या गावची आशाताई वहीत ‘स्थलांतरित’ असं लिहिते आणि पुढचे रकाने मोकळे राहतात. इथल्या आशाताईला नेमून दिलेल्या घरांत कारखान्याच्या माळावरच्या कोप्या येत नाहीत. गर्भारपणाचे नेमके मधले पाच-सहा महिने ही बाई दोन जिल्ह्यांच्या मध्ये असते, आणि दोन्हीकडच्या याद्या आपापल्या जागी पूर्ण दिसतात. आमची टक्केवारी काढली जाते ती नोंद झालेल्या बायांवरून. ज्यांची नोंदच नाही त्या त्या टक्केवारीत कधी येतच नाहीत, हे मला सगळ्यांत जास्त टोचतं.

२. फुकट तपासणीचीही किंमत असते.

ओपीडी सकाळी चालते आणि फडातलं कामही सकाळीच. एक दिवस गेलं नाही की खाडा लागतो, म्हणजे मजुरी बुडते ती वेगळी आणि वर पैसे कापले जातात ते वेगळेच. बरोबर यायला कुणीतरी हवं, म्हणजे नवऱ्याचाही खाडा.

एका बाईचं मला अजून आठवतं. सहावा महिना, दुसरी खेप. लॅब टेक्निशियनने तिचं बोट धरलं आणि टोचलं, तर रक्त येईना. कोयत्याने आणि पाचटाने बोटांना इतके घट्टे पडले होते की सुईचं टोक वरच्या वरच राहिलं. दुसऱ्या बोटाच्या कडेला टोचून, खालून वर दाबत दाबत एक थेंब निघाला. पट्टीवर निकाल उमटायला वीसेक मिनिटं लागतात. तेवढ्यात तिने दोनदा बाहेर जाऊन ट्रॅक्टर उभा आहे का ते पाहिलं. निकाल निगेटिव्ह होता. मी समजावून सांगत होते तेव्हा तिचं अर्धं लक्ष रस्त्याकडेच होतं. “एवढ्याचसाठी का ताई? हे तर कोपीवर येऊनबी झालं असतं,” ती म्हणाली. तिचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं.

३. सुई जवळ आली, निदान अजून लांबच आहे.

आता उपकेंद्रात, गावच्या आरोग्य व पोषण दिनाला सिस्टर बोटातून रक्त घेऊन प्राथमिक तपासणी करू शकतात. दर महिन्याच्या ९ तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते, ती २०१६ पासून. हे चांगलंच झालं. पण पहिल्या किटवर रिअॅक्टिव्ह आलं म्हणजे निदान झालं असं नाही. वेगळ्या आणखी दोन किटवर खात्री करावी लागते आणि ते आयसीटीसीतच होतं. पुढे गोळ्यांसाठी एआरटी सेंटर, ते बहुतेक वेळा जिल्ह्याच्या किंवा मोठ्या तालुक्याच्या ठिकाणी.

ज्या घरी मोटारसायकल आहे ती बाई दुसऱ्या दिवशी येते. जिच्या हातात स्वतःचे पैसे नाहीत, तिला घरात कारण सांगावं लागतं, आणि खरं कारण तर सांगता येत नाही. तिला हातात चिठ्ठी देऊन पाठवण्यात अर्थ नाही, कुणीतरी सोबत जायला हवं. आमच्याकडच्या ज्या एएनएम सिस्टर स्वतः एसटीत बसून बाईला घेऊन येतात, त्यांच्यामुळेच यातल्या बऱ्याच जणी पुढे गोळ्यांपर्यंत पोचतात. त्या प्रवासाचा खर्च कित्येकदा सिस्टरच्या पर्समधून जातो.

४. उशिराचा हिशेब बाळाच्या अंगावर निघतो.

काहीच उपाय केला नाही तर आईकडून बाळाला लागण होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के. वेळेत गोळ्या सुरू झाल्या आणि नियमित घेतल्या तर ती ५ टक्क्यांच्या खाली येते, अंगावर पाजत असली तरी. २००२ मध्ये देशात हा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा हाताशी होती ती बाळंतपणाच्या वेळची नेव्हिरापिनची एक गोळी आणि बाळाला सिरपचा एक डोस. २०१४ पासून पॉझिटिव्ह गरोदर बाईला लगेच तीन औषधांचे उपचार सुरू होतात आणि ते जन्मभर चालतात. विषाणूचं प्रमाण खाली यायला मात्र काही आठवडे लागतात. तिसऱ्या महिन्यात कळलेल्या बाईला ते मिळतात. कळा सुरू असताना लेबर रूममध्ये जिची पहिली तपासणी होते, तिलाही आम्ही तिथल्या तिथे गोळी देतो, बाळाचं सिरप लगेच सुरू करतो, आणि तो आधार मोठा आहे. तरी ते आठवडे तिला परत मिळत नाहीत. औषध दोघींचं एकच असतं.

५. पहिलटकरीण माहेरी जाते, कागद सासरी राहतो.

सातव्या महिन्यात ओटी भरून मुलगी माहेरी येते. तिकडचा दवाखाना विचारतो, रिपोर्ट कुठाय? ती म्हणते, सगळं केलंय, कार्ड सासूबाईंच्या कपाटात आहे. अशा वेळी मी नव्याने तपासणी करायला सांगते. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या बाया तर “मागच्या वेळी झालीय” म्हणून टाळतात. प्रत्येक गर्भारपण वेगळं, आणि नवरा ट्रकवर किंवा मुंबई-पुण्याकडे असेल तर शेवटच्या तिमाहीत पुन्हा एकदा. त्याचीही तपासणी करून घ्यावी.

६. पैसे असले म्हणजे तपासणी नीट होतेच असं नाही.

खाजगी नर्सिंग होममध्ये रक्ताच्या यादीत एचआयव्हीवरही खूण केलेली असते, पण पुष्कळदा बाईला ते माहीतही नसतं. एका ठिकाणी पाकीट सरळ सासऱ्यांच्या हातात दिलं गेलं. ती मुलगी माझ्यासमोर बसली तेव्हा घरातल्या सगळ्यांना कळून चुकलं होतं, आणि सगळ्यांत शेवटी कळलं होतं ते तिला. नंतर त्याच दवाखान्याने बाळंतपणासाठी “दुसरीकडे बघा” म्हणून सांगितलं.

२०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. आधी समुपदेशन, मग संमती, निकाल गुप्त, आणि उपचार नाकारायचे नाहीत, हे सरकारी आणि खाजगी दोघांवरही बंधनकारक आहे. मारहाण होईल किंवा घराबाहेर काढतील अशी भीती असेल तर नवऱ्याला सांगायची सक्ती बाईवर नाही, हेही त्यात आहे. हे मी प्रत्येकीला तिच्या भाषेत सांगते. शिकलेल्या घरातल्या मुलींनाही ते ठाऊक नसतं.

७. आईची तपासणी झाली की काम अर्धं झालं.

बाळाला किमान सहा आठवडे सिरप. सहाव्या आठवड्यात टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर घेऊन तपासणीला पाठवायचे, आणि अठराव्या महिन्यापर्यंत माग सोडायचा नाही. जानेवारीत इथे जन्मलेलं ऊसतोड बाईचं बाळ अठरा महिन्यांचं होईपर्यंत त्याची आई गावी जाऊन, पुन्हा टोळीबरोबर कुठेतरी येऊन, पुन्हा गावी गेलेली असते. पुढच्या हंगामात ती आमच्याकडेच येईल असं नाही, कर्नाटकातल्या एखाद्या कारखान्यावरही असू शकते. तिच्या तालुक्यातल्या समुपदेशकाचा नंबर मी टोळी हलायच्या आधीच मिळवून ठेवते आणि तिच्यासमोर फोन लावून दोघींना बोलायला लावते. आवाज ओळखीचा झाला की बाई जाते. नुसत्या संदर्भ चिठ्ठीने जात नाही.

८. आरोग्य खात्याबाहेरची माणसं विचारात घ्यावी लागतात.

कुठल्या माळावर किती कोप्या पडल्या, कुठली टोळी उद्या कुठल्या फडात, हे कारखान्याच्या स्लिपबॉयला तोंडपाठ असतं. शेती विभागात टोळ्यांची यादीही असते. मुकादमाला आधी भेटून सांगितलं की आम्ही बीपी, हिमोग्लोबिन, शुगर सगळंच तपासणार, तर तो अडवत नाही. एकट्या एचआयव्हीचं नाव घेऊन गेलं तर बाया बिचकतात, आणि जी पुढे येईल तिच्याकडे बाकीच्या बघत राहतात. संध्याकाळी फड सुटल्यावर जायचं, बॅटरी न्यायची, आणि बोलायला एक कोपी मोकळी मागून घ्यायची. ज्या हंगामात हे जमलं, त्या हंगामात कळा घेऊन पहिल्यांदाच दारात येणाऱ्या बाया कमी झाल्या. ज्या वर्षी किट वेळेवर आल्या नाहीत किंवा गाडीला डिझेल मिळालं नाही, त्या वर्षी पुन्हा वाढल्या. मुकादम टोळी घेऊन निघतो तेव्हा त्याच्याकडे प्रत्येक कोयत्याचं नाव असतं. त्या यादीत दिवस गेलेल्या बाईपुढे एक खूण करून ती आधीच आमच्याकडे यावी, ही मागणी मी प्रत्येक तालुका बैठकीत मांडते आणि यंदाही मांडणार आहे.